नानांच्या गाडीचा ब्रेकलाईट

ब्रेकलाईट तपासायला दोन माणसं लागतात. हेडलाईट लावून तुम्ही खाली उतरून बघू शकता, हॉर्न बसल्या जागी ऐकू येतो, इंडिकेटर एकदा लावला की तो आपला टिकटिक करत राहतो. ब्रेकलाईटचं तसं नाही. एकाने आत बसून पाय दाबायचा आणि दुसऱ्याने मागे उभं राहून सांगायचं, लागला की नाही लागला. आपल्या गाडीचा ब्रेकलाईट चालवताना आपल्याला कधीच दिसत नाही, तो मागच्या माणसासाठी असतो. बोर्ली पंचतनला रस्त्याकडेच्या एका खोलीत मी उभी हयात गाड्यांच्या वायरिंगचं काम केलं. गावच्या वाचनालयाने दिवाळी अंकासाठी ‘तुमच्या धंद्याबद्दल लिहा’ म्हणून गळ घातली तेव्हा मला पहिल्यांदा हेच आठवलं. इंजिनवाले मेस्त्री लिहायला बसले तर पानं पुरायची नाहीत. आम्ही वायरिंगवाले कमी बोलतो, कारण तोंडात बहुतेक वेळा सोलायला धरलेली वायर असते.

आमच्या कामाची जागा म्हणजे डॅशबोर्डच्या खाली. गाडीत उताणं व्हायचं, पाय दाराबाहेर आणि डोकं थेट पेडलांच्या मध्ये. म्हणजे लोक जिथे पाय ठेवतात तिथे डोकं ठेवून मी संसार केला. त्याबद्दल तक्रार नाही. तिथून माणूस बरा कळतो. कोण चपलेने चालवतो, कोण अनवाणी, कोणाच्या पेडलाला समुद्राची वाळू, कोणाच्या पेडलाला शेतातली माती, सगळं त्या रबरावर उमटलेलं असतं. एका गुरुजींच्या ब्रेकचं रबर झिजून पार गुळगुळीत झालं होतं आणि ॲक्सिलेटरचं कोरं करकरीत. गुरुजी म्हसळ्याला निघाले की त्यांच्या मागे गाड्यांची वरात लागायची.

ब्रेकलाईटची वाट तशी साधी. बॅटरीतून वीज निघते, फ्यूजमधून ब्रेकच्या पेडलापाशी येते. तिथे अंगठ्याएवढा एक स्विच असतो. फ्रिजचं दार बंद असताना आतलं बटण दाबलेलं असतं आणि दार उघडलं की बटण सुटून दिवा लागतो, अगदी तसाच. पेडल वर असताना बटण दाबलेलं. पाय पडला की ते सुटतं आणि वीज पुढे जाते. गालिच्याखालून डिकीपर्यंत जाते, बल्बमध्ये शिरते आणि गाडीच्या लोखंडी अंगातून बॅटरीकडे परत येते. या परतीच्या वाटेला आम्ही अर्थ म्हणतो. वीज जाते कुठून हे सगळे बघतात, पण आमच्या किनाऱ्यावर बिघाड निघतो तो परतीच्या वाटेत. खारी हवा लोखंडाला लागते, गंज चढतो आणि दिवा मरगळतो.

माझ्या दुकानाच्या मागेच आमचं घर, त्यामुळे मागे उभं राहणारं माणूस मला कधी शोधावं लागलं नाही. मी आतून हाक मारली की बायको, मंदा, हातातलं टाकून बाहेर यायची. हात कधी पिठाचे, कधी कोलंबी सोललेले. गाडीच्या मागे उभी राहून ती सांगायची, ‘उजवा लागला, डावा न्हाय.’ वायरिंगमधलं तिला काही कळत नव्हतं आणि शिकायची हौसही नव्हती, पण तिची नजर अशी की माझा मीटर लाजावा. ‘लागलाय, पन मलूल हाय,’ ती म्हणाली की मी डोळे झाकून अर्थ साफ करायला घ्यायचो. कितीतरी गाड्या मी तिच्या शब्दावर पास केल्या.

मंदा आता खारघरला लेकीकडे असते. लेक आणि जावई दोघं नोकरीला, नात लहान, मग आजीवाचून चालत नाही. गणपतीला येते, शिमग्याला येते आणि घर झाडून, डबे भरून परत जाते. मी आता बांबूची काठी वापरतो. सीट आणि ब्रेकचं पेडल यांच्या मध्ये ती तिरकी अडकवायची आणि उतरून मागे जायचं. काम होतं. काठी कधी उशीर करत नाही, कधी कुरकुरत नाही. पण आपणच पेडल दाबून ठेवायचं आणि आपणच मागे जाऊन बघायचं, याची मला अजून सवय झालेली नाही. कोरं वाटतं.

गिऱ्हाईकं मात्र कायम रंगीत मिळाली. बंदरावरचे एक नाखवा, होडीचे मालक, मासळीचा टेम्पो घेऊन यायचे. बर्फाचं खारं पाणी फळीवरून निथळत थेट मागच्या दिव्यांत जायचं. त्यांनी ब्रेक दाबला की ब्रेकलाईट न लागता दोन्ही इंडिकेटर मिणमिणायचे, आणि ही गाडीतली काही नवीन फॅशन आहे असं त्यांनी बरेच दिवस धरून ठेवलं होतं. मी समजावून सांगितलं, नाखवा, परतीची वाट बंद झाली की वीज आडवाटेने, शेजारच्या दिव्यातून घरी जाते. त्यांना ते लगेच पटलं, कारण वारा पडला की होडीचंही तसंच करावं लागतं म्हणाले. तरी दुरुस्तीला गाडी ठेवायला तयार नाहीत. मासळी थांबत नाही. त्यांनी मागे लाल फडकं बांधलं आणि मला सांगितलं, ‘मागच्याला डोले हायेत ना?’ पुढच्या वेळी टेम्पो आला तो मागून चेपूनच. तेव्हा नाखवांनी मुकाट्याने गाडी सोडली आणि दुकानाबाहेर बाकावर बसून माझ्या प्रत्येक स्क्रूवर देखरेख केली.

मग शनिवार-रविवारचे पाहुणे. एक पुण्याचं कुटुंब समुद्रावर खोली घेऊन राहिलं होतं. सकाळी गाडी सुरू होईना. ब्रेकलाईट रात्रभर जळून बॅटरी उतरलेली. स्विचचं बटण ज्या प्लास्टिकच्या टिकलीवर टेकतं ती टिकली उन्हाने भुगा होऊन पडली होती, त्यामुळे गाडीला वाटत होतं की कोणीतरी ब्रेकवर पाय देऊनच बसलंय. मी जुन्या चपलेचं रबर कापून तिथे बसवलं. ‘कंपनीचा पार्ट आहे का?’ त्या बाईंनी विचारलं. ‘हो, चपलेच्या कंपनीचा,’ मी म्हटलं. हसले सगळे. पण त्यांना तेव्हा हीच गोष्ट नवीन वाटली, की चावी काढून खिशात घातली तरी हा दिवा लागतो. बहुतेक गाड्यांत तो चावीला विचारत नाही, फक्त पायाला विचारतो.

आता हे सगळं कमी होत चाललंय. नवीन गाड्यांत बल्ब नाहीत, एलईडीची पट्टी असते. ती गेली की अख्खा दिवा बदलायचा. मागे बघायला कॅमेरा आहे, काही आडवं आलं तर गाडी स्वतःच कुईकुई करते. पूर्वी कोणी गाडी मागे घ्यायला लागला की रस्त्यावरचा अनोळखी माणूसही पुढे होऊन हात हलवायचा, येऊ दे, येऊ दे, डावीकडे, बस. त्याला कोणी सांगितलेलं नसायचं. ते हात आता दिसत नाहीत आणि मला त्यांची फार आठवण येते.

आता ज्या गाडीसाठी मी खरं म्हणजे लिहायला बसलो तिच्याकडे येतो.

बोर्लीहून म्हसळ्याला जाताना रस्त्याला लागून एक वाडी आहे. तिथले नाना जन्मभर मुंबईत एका शेठची गाडी चालवत होते. निवृत्त होऊन गावी आले ते स्वतःची पांढरी गाडी घेऊन. जुनीच, पण अशी ठेवलेली की लग्नाला नवरदेव आणायला लोक ती मागायला यायचे आणि नाना नाही म्हणायचे. नानांना जाऊन दोन पावसाळे झाले. घरी त्यांची बायको, जनाकाकी, एकटी. मुलगा विलास डोंबिवलीला. काकीला गाडी येत नाही, विलासकडे ठेवायला जागा नाही, आणि मांडवात उभी राहून गाडी खाऱ्या हवेने सडणार. तेव्हा ती विकायची असं विलासने ठरवलं. त्यात त्याचं चूक काही नव्हतं. काशीदला खोल्या भाड्याने देणारा एक जण ती घ्यायला तयारही होता. तो बघायला आला त्या दिवशी विलासने मोठ्या ऐटीत चावी फिरवली आणि गाडीने टिक सुद्धा केलं नाही. बॅटरी ठार.

मला निरोप आला. मी बॅटरी भरली, गाडी लगेच बोलली. पण बॅटरी आपोआप उतरत नाही, कोणीतरी पितं तेव्हा उतरते. ते बघायची आमची जुनी रीत आहे. बॅटरीची एक वायर सोडायची आणि मध्ये छोटा दिवा जोडायचा. सगळं बंद असताना तो दिवा लागला तर समजायचं गाडीत कुठेतरी गळती आहे. माझा दिवा लागला नाही. डिकीचा दिवा बघितला, टेप बघितला, उंदरांनी वायर कुरतडली का बघितलं. सगळं ठणठणीत. पेडलांखाली डोकं घातलं तेव्हा ब्रेकच्या रबरावर पिवळं काहीतरी दिसलं. दसऱ्याला काकीने गाडीची पूजा केली असणार, हळद सांडली असेल, असं मी मनात म्हटलं आणि पुसून टाकलं.

आठवडाभराने बॅटरी पुन्हा उतरली. या वेळी मी ब्रेकचा स्विचच बदलला. पुण्याच्या गाडीसारखं काही असेल, कधी अडकतो आणि कधी सुटतो. काकीला म्हटलं, जरा मागे उभी राहून सांग. मी पाय दाबला. ‘लागला,’ ती म्हणाली. मी पाय काढला. ‘परत दाब बघू,’ ती म्हणाली. मी परत दाबला. असं तिने तीन-चारदा करायला लावलं. बाई मोठी काटेकोर आहे, नानांच्या हाताखाली तयार झालेली, असं मला वाटलं आणि कौतुकही वाटलं. तिने चहा दिला, नारळाची वडी दिली. मी खुशीत परत गेलो.

गाडी पुन्हा मेली. मग मी माझ्याकडची चांगली बॅटरी नेऊन घातली. तीही मेली. ती परत भरून बसवली. आता ही गोष्ट बोर्लीच्या बाजारात पसरली. चहाच्या टपरीवर एकाने विचारलं, दत्ता, नाना अजून गाडी सोडायला तयार नाहीत की काय? दुसऱ्याने सल्ला दिला की देवाला नारळ देऊन गाऱ्हाणं घाल. मी चिडलो. वायरिंगचा बिघाड देवावर ढकलणारा माणूस मला आवडत नाही, आणि त्या दिवसांत तर मुळीच आवडला नसता. विलासचा फोन आला. पोरगा सभ्य. ‘दत्ताभाऊ, तुम्ही म्हणत असाल तर म्हसळ्यात दुसऱ्या कुणाला दाखवू का?’ एवढंच म्हणाला. माझं जेवण गेलं.

आमच्या धंद्यातलं सगळ्यात मोठं दुखणं हेच. तुम्ही बघायला जाता तेव्हा बिघाड घरी नसतो. दुपारी जा, गाडी शहाण्यासारखी वागते. तुमची पाठ फिरली की तिचं सुरू होतं. आणि मी नानांकडे नेहमी दुपारीच जात होतो.

त्या दिवशी म्हसळ्याचं काम आटोपून दिवेलागणीला परत येत होतो. वाडीच्या वळणावर सहज नजर गेली आणि मी स्कूटर थांबवली. मांडवातली गाडी अंधारात होती, पण तिच्या मागची घराची भिंत लाल दिसत होती. ब्रेकलाईट लागलेले होते. सापडला, मी स्वतःशीच मोठ्याने म्हणालो. पिशवीतून टेस्टर काढला आणि आवाज न करता चोरासारखा गाडीपाशी गेलो. इतक्या आठवड्यांचा राग, चहावाल्यांचे टोमणे, सगळं त्या क्षणी फिटणार होतं. ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडलं आणि आत वाकलो.

ब्रेकच्या पेडलावर वरवंटा होता. पाट्यावरचा, वाटण वाटायचा, दगडी वरवंटा. सीटच्या पुढे बसायचा लाकडी पाट उभा करून, त्याला टेकवून तो पेडलावर रेटून ठेवलेला. ओल्या खोबऱ्याचा आणि मिरचीचा वास येत होता. ब्रेकलाईटला फार जोर लागत नाही, पेडल बोटभर हललं तरी पुरतं. रबरावरची ती हळद कुठल्या पूजेची होती ते मला तेव्हा कळलं.

मी तिथेच वाकून उभा राहिलो. कारण ही युक्ती मला ओळखीची होती. माझ्या पिशवीत बांबूची काठी होती. मागे उभं राहून दिवा बघायचाय आणि आत पाय दाबायला कोणी नाही, अशा माणसालाच हे सुचतं.

काकी गाडीच्या मागे, घराच्या पायरीवर बसली होती. मला बघून ती उठली नाही, दचकलीही नाही. फक्त म्हणाली, ‘चावी न्हाय लावली मी. चावी आत खुंटीला हाय. गाडी बंदच हाय.’

मी तिच्याशेजारी पायरीवर बसलो. दोघांच्याही अंगावर तो लाल उजेड होता. मग तिने सांगितलं. नाना सगळं आयुष्य मुंबईला, ती इथे, सासू-सासऱ्यांच्या आणि भाताच्या मागे. गणपतीला आणि शिमग्याला नवरा दिसायचा तेवढाच. संसार म्हणावा असा झाला तो नाना कायमचे गावी आल्यावर. रोज संध्याकाळी ते बोर्लीला जाऊन यायचे, काम असो नसो. आल्यावर गाडी कधी तोंडाने आत घातली नाही. मुंबईच्या ड्रायव्हरची सवय, सकाळी सरळ निघता यावं म्हणून उलटीच लावायची. मांडव अरुंद, मागे भिंत. तेव्हा गाडीचा आवाज आला की ती स्वयंपाकघरातून येऊन या भिंतीला पाठ लावून उभी राहायची आणि सांगायची, या, या, अजून या, बस. नाना थांबायचे. मग रेडिओवर काही चालू असेल ते संपेपर्यंत ब्रेकवर पाय ठेवून तसेच बसून राहायचे आणि ती त्या लाल उजेडात पिशवी घ्यायला उभी असायची. एवढंच. तिला सांगण्यासारखं याहून जास्त काही नव्हतं.

मी तिला समजावलं की चावी नसली तरी हा दिवा बॅटरी पितो. रोज संध्याकाळी तासभर दोन बल्ब जळतात, गाडी चालत नाही म्हणून बॅटरी परत भरत नाही, आठवडाभरात ती खाली होते. तिला ते खरंच माहीत नव्हतं. बंद गाडीचं काय खर्च होतं, असंच ती धरून चालली होती. तिने विचारलं, ‘म्हंजे मीच मारत होते व्हय रे गाडी?’

मी म्हटलं, मेलीबिली काही नाही काकी, भरली की उठते. मग माझ्यातला वायरमन जागा झाला. मी तिला उपाय सांगायला लागलो. हवं तर तसाच एक लाल दिवा आणून भिंतीसमोर लावून देतो, घरच्या लाईटवर चालेल, बटण दाबलं की लागेल, बॅटरीचा प्रश्नच नाही. गाडी गेली तरी दिवा राहील. मला तो उपाय फार नामी वाटला होता. तिने माझ्याकडे अशी नजर टाकली की मी बोलता बोलता थांबलो.

‘दिवं घरात हायेत की,’ ती म्हणाली. ‘पन ह्यो बटनाचा न्हाय. आत कुनीतरी पाय ठेवून बसलंय म्हनून ह्यो लागतो.’

इतकी वर्षं मी ब्रेकलाईट लावले आणि विझवले. मला हे कोणी सांगितलं नव्हतं आणि माझ्याही डोक्यात आलं नव्हतं. तिने विलासला काही कळू देऊ नको म्हणून विनवलं. म्हातारी दगड ठेवून दिवे लावत बसते म्हटल्यावर पोरगा काळजीने अर्धा होईल, मला डोंबिवलीला घेऊन जाईल. आणि घर कोण बघणार. मी म्हटलं, मग त्याला सांगतो गाडी विकू नको. ती म्हणाली, आणि कारण काय सांगशील? गाडी उभी राहून सडणार हे मलाही दिसत होतं आणि तिलाही.

बराच वेळ ती भिंतीकडे बघत बसली. मग उठली, दार उघडून वरवंटा काढला, पदराने पुसला आणि आत पाट्यावर नेऊन ठेवला. बाहेर येऊन म्हणाली, ‘झाली म्हनून कळव त्याला. गिऱ्हाईक आन म्हनावं.’

मी विलासला फोन केला. बिघाड सापडला, ब्रेकच्या पेडलावर काहीतरी अडकत होतं, असं सांगितलं. काय अडकत होतं, त्याने विचारलं. दगड, मी म्हटलं. गावच्या गाड्या, तो हसून म्हणाला, आणि शनिवारी गिऱ्हाईकाला घेऊन येतो म्हणाला. मी एक शब्द खोटा बोललो नव्हतो, तरी फोन ठेवल्यावर बरं वाटलं नाही.

मंदाला मात्र सगळं सांगितलं. फोनवर नातीचा दंगा चालू होता. तो थांबला आणि पलीकडून दार लोटल्याचा आवाज आला, म्हणजे ती गॅलरीत आली असावी. मी गोष्ट संपवली. मग तिने विचारलं, ‘तुमी अजून काठीच लावता का?’ मी हो म्हटलं. नातीला शाळेत घातलं की बघू, ती म्हणाली. मला तिला लगेच ये म्हणायचं होतं. नातीचा आवाज पुन्हा यायला लागला, म्हणून म्हटलं नाही.

शुक्रवारी मी नानांकडे गेलो, मुद्दाम संध्याकाळी. बॅटरी बसवली, गाडी सुरू केली, थोडा वेळ चालू ठेवली. काकीने गाडी आतून-बाहेरून पुसून काढली होती. आरशाला नानांनी बांधलेली मण्यांची माळ सोडून घेतली होती. हेडलाईट बघितले, हॉर्न वाजवला, वायपर फिरवले. नाना गाडी द्यायचे नाहीत ते का, हे अशा वेळी कळतं. इतक्या वर्षांची गाडी, पण एक वायर कोणी उगाच सोलून चिकटपट्टीने गुंडाळलेली नाही. मी ती गाडी हातातून सुटू नये म्हणून उगाच स्क्रू आवळत राहिलो.

शेवटी इंजिन बंद केलं, चावी काढून डॅशबोर्डवर ठेवली आणि काकीला म्हटलं, मागे उभी राहतेस का, तेवढं एकच राहिलंय. काठी पिशवीत होती. ती मी काढली नाही.

ती मागे गेली. मी नानांच्या सीटवर नीट बसलो, पाठ टेकून, आणि ब्रेकवर पाय ठेवला.

आरशात भिंत लाल झाली. काकी भिंतीला पाठ लावून उभी होती, दोन्ही हात मागे भिंतीवर टेकलेले. पांढरे केस लाल दिसत होते. मी तिच्या शब्दाची वाट बघत राहिलो, कारण आमच्याकडे मागचं माणूस बोलल्याशिवाय पाय काढायचा नसतो. बाजूच्या घरी कोणीतरी टीव्ही लावला. रस्त्याने एक एसटी म्हसळ्याकडे गेली. पोटरी भरून यायला लागली, तरी मी पाय हलू दिला नाही. मंदा आत्ता तिकडे नातीला भरवत असेल असं मनात आलं, आणि मला इतकी तिची आठवण आली की आरशातलं नीट दिसेनासं झालं.

मग मागून काकीचा आवाज आला, नेहमीचाच, खणखणीत.

‘लागतात रे दोनी. सोड आता, पाय दुखला असंल.’

मी पाय उचलला.